निळी पडलेली बाग

अल मलाझ, रियाध
६ ऑक्टोबर २०२४

श्रीकांत,

फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. व्हॉट्सॲपवर तू अंगठा पाठवतोस. म्हणून कागदावर लिहिते आहे. तुझ्या ऑफिसातले विनोद भावजी उद्या दम्मामच्या ट्रेनने परत निघाले आहेत, त्यांच्या हाती हे पाकीट देते.

पहिली गोष्ट, मी रागावून निघून आलेले नाही. गणपतीच्या जेवणाला तू सगळ्यांना सांगितलंस म्हणे, "विभाला जरा चेंज हवा होता, रियाधला एका शेखांच्या घरी शिवणकाम मिळालंय." शेजारच्या तन्वीने मला फोन करून विचारलं, "काकू, तुम्ही अबाया शिवता का?" मी काय सांगणार? हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, तिला एक हवाच होता.

शिवणकाम नाही, श्रीकांत. लग्नाआधी मी मुंबईच्या संग्रहालयात जुनी वस्त्रं जतन करायचं काम करत होते. त्यासाठी फ्रान्समध्ये वर्षभर राहून शिकून आले होते. हे तुला माहीत आहे. तू विसरला आहेस असं धरून लिहिते, म्हणजे मला त्रास कमी होतो. आमच्या बाबांना तू म्हणाला होतास, "हिचं काम मी थांबू देणार नाही." मग धाहरान. तिथे नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या राहण्याच्या परवान्यावर, आलेल्या बायकांना नोकरी करता येत नव्हती. तो नियम होता, त्यात तुझा दोष नाही. नियम सैल झाले तेव्हा मात्र तू मला सांगितलं नाहीस. मला ते अरवाकडून कळलं.

अरवा धाहरानच्या त्या कापडांच्या प्रदर्शनात भेटली. तू गाडीत बसून कॉल घेत होतास तेव्हा. तिने फोनवर एक फोटो दाखवला. वडिलांनी कधीतरी पॅरिसहून भिंतीवर टांगायची, चित्र विणलेली टॅपेस्ट्री आणलेली, आईने माणसांची चित्रं भिंतीवर नकोत म्हटलं, तेव्हापासून ती गुंडाळून माळ्यावर. मी विचारलं, "गुंडाळताना चित्र आत ठेवलंय की बाहेर?" तोवर ती नुसतं सौजन्याने बोलत होती. त्यानंतर माझ्याकडे नीट बघून बोलायला लागली.

तू त्या टॅपेस्ट्रीला सतरंजी म्हणालास. "एका सतरंजीसाठी घर सोडणार?" घर मी सोडलेलं नाही. फ्रीजर भरून पोळ्या ठेवून आले आहे.

आता ती आहे कशी ते ऐक. अडीचशे वर्षं तरी जुनी असावी. लोकर आणि रेशीम. आपल्या हॉलची भिंत पुरणार नाही एवढी लांब. मध्ये पोमोना बसली आहे, रोमन लोकांची फळबागांची देवी. तिला पुरुष नको होता. बागेला कुंपण घालून तिने दार लावून घेतलं होतं. वर्टुम्नस नावाचा देव, हवं ते रूप घेणारा, आधी शेतकरी होऊन आला, मग शिपाई, मग कोळी. दार उघडलं नाही. शेवटी तो म्हातारी होऊन आला. म्हातारीला कोण अडवतं? आत आल्यावर म्हातारी पोमोनाला समजावायला लागली, बाई गं, एकटी राहू नकोस, त्या वर्टुम्नसशी लग्न कर, मुलगा चांगला आहे. विणणाऱ्यांनी नेमका तो क्षण धरला आहे. काठीवर वाकलेली म्हातारी, आणि तिच्या घोळाखालून दिसणारी एका दणकट पुरुषाची पोटरी. गोष्टीत पुढे पोमोना हो म्हणते. झेबाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दीदी, उसने पुलिस को नहीं बुलाया?" झेबा माझी मदतनीस. घर मूळचं हैदराबादचं, पण जन्म रियाधचा. कापडाची पदवी घेतलेली आहे आणि हात चांगला आहे.

बागेतली सगळी पानं निळी झाली आहेत. हिरव्या रंगात निळा आणि पिवळा दोन्ही असतात, पिवळा उन्हाने उडून गेला. मागच्या बाजूने बघितलं की झाडं अजून हिरवीगार आहेत. रेशीम जिथे जिथे होतं, गालावर, फळांवर, तिथे ते कुजलं आहे, हात लावला की भुसा. मागून लिननचं नवं कापड देऊन एकेक धागा त्यावर बसवायचा आहे. ईदनंतर अरवा वडिलांच्या नावाने एक छोटं दालन उघडते आहे, तोपर्यंत.

तुझ्या बीपीच्या गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत.

विभावरी


अल मलाझ
१५ नोव्हेंबर २०२४

श्रीकांत,

काल तू आलास ते बरं झालं. मीटिंगसाठी आला होतास आणि वाटेत डोकावलास, हेही समजलं. तरी तू येणार म्हणून मी सकाळी डोक्याला तेल लावून न्हायले, हे लिहून ठेवते. तुझ्या लक्षात आलं नसेल.

अरवाने तुला कहवा दिला, खजूर दिले. तू तिला इंग्रजीत म्हणालास, "मी हिला नेहमी सांगत असतो, यू मस्ट डू समथिंग." अरवाने माझ्याकडे बघितलं. मी खजुराची बी शोधत होते.

मग तू टेबलाजवळ गेलास. हात लावू नकोस असं मी दारातच सांगितलं होतं. तू पोमोनाच्या टोपलीवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "सिल्क आहे का हे?" सिल्कच होतं. द्राक्षांवरची चकाकी होती ती. बोट उचललंस तेव्हा ती तुझ्या बोटावर आली. तू ते पँटला पुसलंस. झेबाने तोंडावर हात घेतला. चारचौघांदेखत मी काय बोलायचं? आज दिवसभर मी आणि झेबा त्या द्राक्षांवर बसलो होतो. परत आली नाहीत.

गाडीत तू जे बोललास ते मी इथे लिहून काढते, कारण नंतर आपल्यात यावरून वाद होईल आणि तू म्हणशील मी असं म्हटलंच नव्हतं.

"मार्चमध्ये मी रिटायर होतोय. मग पुणं."

"माहीत आहे."

"आई मागच्या महिन्यात पडली होती. मला आत्ता कळलं. तिला एकटं ठेवणं बरोबर नाही. तू पुढे जा, मी मागून येतो."

"एप्रिलपर्यंत थांब. उद्घाटन झालं की मी जाते. माझी मी जाते, तू सांगायचीही गरज नाही."

"विभा, यांचं तुझ्यावाचून अडणार नाही. पैसेवाले लोक आहेत, फ्रान्समधून माणसं आणतील."

"आणि आईंचं?"

"तिचं तुझ्यावाचून अडेल."

हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. ते तुला कळू द्यायचं नव्हतं, पण आता लिहून गेले. इतक्या वर्षांत माझ्यावाचून काही अडतं, असं तू पहिल्यांदा म्हणालास.

मी तरीही एप्रिलच म्हटलं. तू म्हणालास, "बघू." तुझं "बघू" मला पाठ आहे. आपला शर्विल लहान असताना सायकल मागायचा तेव्हा तू हेच म्हणायचास, आणि मग ती गोष्ट तुझ्या मनाप्रमाणे व्हायची.

आईंना माझा नमस्कार सांग. मी फोन करते एक-दोन दिवसांत. त्यांचा गुडघा आधीच दुखरा आहे.

विभावरी


अल मलाझ
९ डिसेंबर २०२४

श्रीकांत,

मी टेबलावर ओणवी होते, हातात सुई, चष्म्यावर भिंग. फोन वाजला. अरबी मेसेज. मी झेबाला म्हटलं, बँकेचा असेल, बघ जरा. तिने वाचला, पुन्हा वाचला, आणि मग हळू म्हणाली, "दीदी, आपका खुरूज लग गया."

इथे खुरूज म्हणजे काय हे बगीचा झाडणाऱ्यालाही माहीत असतं. फायनल एक्झिट. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आपण इथे राहतो तो, त्याला माणूस नको झाला की तो काढतो. माझा कफील तू आहेस. सरकारी ॲपवर माझ्या नावापुढे तू बोट टेकवलंस आणि माझा इकामा संपला. फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत मी देश सोडायचा. आधी मला वाटलं, चुकून झालं असेल, दुसरंच काही करताना. तुला फोन केला. तू म्हणालास, "मी सांगणारच होतो. तिकीट विसाव्या तारखेचं बघतोय, विंडो सीट मिळतेय."

विंडो सीट.

मग मी आईंना फोन केला. तो मी आधीच करायला हवा होता, कामाच्या गडबडीत राहून गेला. त्यांना विचारलं, "आता बरं आहे का? पडलात ना?" त्या म्हणाल्या, "मी? मी कशाला पडेन? मी आत्ता मंडईतून आले." मग त्याच पुढे म्हणाल्या, "श्रीकांत म्हणाला, विभाला तिथे करमत नाही, डोक्यात काहीतरी घेऊन बसते. काही दिवस तुझ्याजवळ राहू दे. मी म्हटलं, येऊ दे की बाबा, घर तिचंच आहे. पण मला सांग, तुला खरंच करमत नाही का गं?"

मला सांगितलंस आईंना माझी गरज आहे. आईंना सांगितलंस मला त्यांची. आणि दोघींना वाटलं, आपण दुसरीवर उपकार करतोय. मी दिवसभर ज्या म्हातारीचा पदर टाचत असते तिच्याकडे त्या दुपारी मला बघवेना. तू आपल्या आईचा वेष करून आलास, श्रीकांत. तेही ती जिवंत असताना, तिला न विचारता.

अरवाने तुला स्पीकरवर फोन केला तेव्हा मी तिथेच होते, हे तुला आता सांगते. ती फार अदबीने बोलली. म्हणाली, आमची संस्था हिला आपल्या नावावर घ्यायला तयार आहे, तुम्ही फक्त हे रद्द करून मंजुरी द्या. तू म्हणालास, "सिस्टर, इट्स अ फॅमिली मॅटर."

फोन ठेवून ती बराच वेळ कपाट आवरत राहिली. मग म्हणाली, "मी शिकायला लंडनला गेले तेव्हा वडिलांची परवानगी लागली होती. ते वारल्यावर पासपोर्टसाठी माझ्या धाकट्या भावाची. त्याला मी लहानपणी भरवलंय. आता नाही लागत, नियम बदलला. मला वाटायचं, तुम्ही बाहेरून आलेल्या शिकलेल्या बायका आमच्याकडे बघून मनात हसत असाल."

मी म्हटलं, "हसायचो."

ती म्हणाली, "ठीक आहे." आणि त्याच दमात म्हणाली, "विभावरी, उद्घाटनाची तारीख मी हलवू शकत नाही. तू नसशील तर मला पॅरिसला लिहावं लागेल." रागावू कोणावर? ती बरोबरच बोलत होती. तुझंही भाकीत खरं ठरलं, फ्रान्समधून माणसं आणतील.

विसाव्या तारखेचं तिकीट काढू नकोस. मी धाहरानला येते आहे. समोर बसून सांग.

वि.


अल मलाझ
१२ जानेवारी २०२५

श्रीकांत,

घरात झालं ते झालं. तू म्हणतोस मी ओरडले. ओरडले असेन. पण तू लोकांना सांगताना अर्धंच सांगशील, म्हणून उरलेलं मी लिहिते.

मी आले तेव्हा माझे कपडे खोक्यांत भरलेले होते. वर तुझ्या अक्षरात "पुणे". शर्विलची शाळेची चित्रंही त्यातच. तुझी एकही वस्तू भरलेली नव्हती. मला वाटलं, मार्चला वेळ आहे, नंतर भरणार असशील. किती साधी बाई आहे मी! शर्विलने बंगळुरूहून फोन केला तेव्हा मला कळलं. तो सहज म्हणाला, "आई, बट बाबा इज नॉट कमिंग बॅक, राइट? ही साइन्ड फॉर टू मोअर इयर्स ॲट रास अल खैर." त्याला वाटलं, मला माहीत आहे.

तू स्वयंपाकघरात चहा करत होतास. मी येऊन विचारलं, "रास अल खैर?"

तू गॅस बारीक केलास. "कन्सल्टन्सी आहे. प्लँटवरच राहायचं. तिथे फॅमिली क्वार्टर नाही. हे घर तर कंपनीला परत द्यावं लागणार. मग तू इथे कुठे राहणार एकटी?"

"मी रियाधला राहतेय. आत्ताही राहतेय."

"ते तात्पुरतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं नसतंस."

मी विचारलं, दुसरं कोणी आहे का. तू माझ्याकडे बघून खरोखर आश्चर्याने म्हणालास, "वेडी आहेस का?" तुझ्या चेहऱ्यावर इतका खरेपणा मी फार दिवसांनी पाहिला. आणि मला वाईट वाटलं. दुसरी बाई असती तर निदान मला दूर करण्यामागे तुला कोणाची तरी ओढ होती, असं म्हणता आलं असतं. तुला ओढ कसलीच नव्हती. घर रिकामं करायचं होतं, त्यात मी होते.

तेव्हा मी ओरडले.

खुरूज तू रद्द केलास, पण माझ्या सांगण्यावरून नाही. शर्विलने तुला फोन करून सांगितलं, "बाबा, धिस इज नॉट ओके. अनडू इट." चोवीस वर्षांच्या मुलाचं एक वाक्य. त्यानंतर तो तुझे फोन घेईना, तेव्हा तू केलंस. मी दारात उभी होते, तू मला फोन दाखवलास आणि म्हणालास, "झालं समाधान?" लहान मुलाचं खेळणं परत द्यावं तसं.

अरवाच्या संस्थेने माझं नाव आपल्याकडे घेण्यासाठी पाठवलेली विनंती अजून तुझ्या ॲपवर पडून आहे. तू नाकारत नाहीस, मंजूरही करत नाहीस. विनोद भावजींना म्हणालास, "बायकोचा कफील दुसराच कोणीतरी? कसं दिसतं ते?" त्यांनी मला सांगितलं. तुझा मित्र आहे, पण चांगला माणूस आहे.

असो. पॅरिसचं पत्र अरवाने पाठवलं नाही. आम्ही आता म्हातारीच्या हातापर्यंत आलो आहोत.

वि.


अल मलाझ
२७ एप्रिल २०२५

श्रीकांत,

उद्घाटनाला तू येशील असं वाटलं नव्हतं. नवा सूट छान होता.

टॅपेस्ट्री वर चढवताना मी शिडीजवळून हलले नाही. वरच्या कडेला पट्टा शिवून तिचं सगळं वजन वाटून दिलं होतं, तरी अडीचशे वर्षांचे धागे, कुठे फाटेल सांगता येत नाही. हळूहळू उलगडत गेली. आधी निळी झाडं, मग पोमोनाचा चेहरा, मग टोपली. द्राक्षं मंद आहेत. आम्ही तिथे नवी चकाकी आणली नाही. जे गेलं ते गेलेलं दिसू द्यायचं, असं मला शिकवलं आहे. अरवाची आई चाकाच्या खुर्चीत बसून आली होती. तिनेच हे माळ्यावर टाकलं होतं. बराच वेळ बघून तिने अरवाला काहीतरी विचारलं. अरवा हसली आणि मला सांगितलं, "ती विचारते, त्या म्हातारीचे पाय असे का?" मी गोष्ट सांगितली, अरवाने अरबीत. ऐकून ती आजी म्हणाली, मुलीला पाय दिसले नाहीत का? मी म्हटलं, ती चेहऱ्याकडे बघत होती.

तू तेव्हा पलीकडे फोटो काढून घेत होतास. लोकांना सांगत होतास, "माय वाइफ डिड दिस." भिंतीवर पाटी आहे, तिच्यावर माझं नाव आहे, झेबाचं आहे. तू पाटीसमोरही उभा राहिलास. मग गर्दी कमी झाल्यावर माझ्याजवळ आलास आणि हळूच विचारलंस, "मग? आता मन भरलं?"

मी तुझ्यावर चिडायची वाट बघत होते. राग आलाच नाही. परक्या माणसाने आगाऊपणाने काही विचारावं तसं वाटलं, आणि मी तसंच उत्तर दिलं, "हो, थँक यू." तू समाधानाने मान हलवलीस. मला तेव्हा कळलं.

आता कामाचं लिहिते. अरवाकडे अजून काम आहे, तिच्या ओळखीच्या घरांतूनही आहे. ती माझ्या स्वतःच्या नावाने व्हिसा काढायला तयार आहे. पण त्यासाठी मला आधी तुझ्या नावावरून सुटावं लागेल. बदलीची विनंती तू मुदत संपेपर्यंत तशीच ठेवलीस, त्यामुळे तो रस्ता बंद झाला. उरला एकच. मी इथून कायमची जायचं आणि नव्याने यायचं. जाण्यासाठी फायनल एक्झिट लागतो, आणि तो तूच काढू शकतोस. यायला तुझी सही, राहायला तुझी सही, जायलाही तुझीच.

तेव्हा काढ. या वेळी मी मागते आहे.

पुण्याला मी राहणार नाही. मुंबईला मावशीकडे राहीन, व्हिसा आला की परत येईन. धाहरानला किंवा रास अल खैरला येणार नाही. आईंना मी सगळं सांगितलं आहे, फक्त जे घडलं तेवढंच, त्यावर तिखटमीठ न लावता. त्या म्हणाल्या, "त्याने माझं नाव पुढे केलं, हे मला फार लागलं." त्यांना फोन कर. त्या उचलतील की नाही, मला सांगता येत नाही.

विभावरी


अल मलाझ
४ मे २०२५

श्रीकांत,

पत्र विनोद भावजींनी तुझ्या हातात दिलं, हे त्यांनी मला कळवलं. तू त्यांच्यासमोरच फोडलंस, उभ्याउभ्या वाचलंस आणि घडी घालून खिशात ठेवलंस, असं म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही म्हणे. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. खरं तर विचारलं होतं.

मी तयारीत होते. तू फोन करशील, म्हणून झेबाला सांगून ठेवलं होतं की मी जरा अंगणात जाऊन बोलेन. तू आईंचं काढलंस तर काय म्हणायचं, ते ठरवलं होतं. लोक काय म्हणतील म्हणालास तर काय, तेही. शर्विलचं नाव काढलंस तर त्याचंही उत्तर होतं. फक्त तू म्हणालास, "विभा, इतकी वर्षं झाली गं," तर काय बोलायचं ते मला सुचलं नव्हतं. पुन्हा पुन्हा तिथेच अडकत होते.

फोन आला नाही. विनोद भावजींचा निरोप आला आणि तासाभरात सरकारी मेसेज आला. खुरूज लागला. बाकी एक अक्षर नाही.

तिकीट माझं मी काढलं आहे. ती "पुणे" लिहिलेली खोकी शर्विलच्या पत्त्यावर पाठव, त्याची चित्रं आहेत त्यात. माझ्या साड्या तन्वीला दे किंवा नको देऊस.

मी तुझ्याकडे आजवर जे जे मागितलं, त्यातलं हे एकच तू लगेच दिलंस.

एक दिवस तरी लावशील असं वाटलं होतं, श्रीकांत.

विभावरी